दोन डायरेक्ट डेबिटांची अट: ब्रिटनमधील रिवॉर्ड खात्यांचे परीक्षण

मार्च 2021 मध्ये माझ्या रिवॉर्ड खात्याचा, म्हणजे ठरावीक अटी पाळल्यास दरमहा बक्षीस देणाऱ्या बँक खात्याचा, उतारा पाहताना लक्षात आले, की मासिक शुल्काची वजावट नेहमीप्रमाणे झाली होती, पण दरमहा जमा होणारी बक्षिसाची रक्कम आली नव्हती. पुढच्या महिन्यातही तेच घडले. माझा पगार वेळेवर जमा झाला होता, खात्यात शिल्लक होती, कोणतेही बिल थकले नव्हते आणि अटीत म्हटल्याप्रमाणे दोन डायरेक्ट डेबिट, म्हणजे कंपनीने बिलाचे पैसे आपल्या खात्यातून परस्पर घेण्याचे आदेश, त्या खात्यावर नोंदलेले होते. तरीही बँकेच्या हिशेबाने मी दोन्ही महिने अट पुरी केली नव्हती, आणि अटींचे पत्रक शब्दाशब्दाने वाचल्यावर मला मान्य करावे लागले, की बँकेचा हिशेब बरोबर होता. त्या बँकेचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण ही अट थोड्याफार फरकाने ब्रिटनमधील अनेक बँकांच्या खात्यांना लागू आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी अशी खाती उघडली आहेत आणि त्यांचीही याच ठिकाणी फसगत झालेली मी पाहिली आहे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम या खात्यांचे स्वरूप सांगते. येथे ज्याला करंट अकाउंट म्हणतात ते आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या चालू खात्यासारखे नसून पगार, भाडे, बिले यांसाठी वापरण्याचे रोजचे खाते असते. त्यातल्या काही खात्यांवर बँक दरमहा शुल्क घेते आणि ठरावीक अटी पाळल्या तर त्या शुल्काहून अधिक रक्कम परत देते. नॅटवेस्ट बँकेचे रिवॉर्ड खाते हे त्याचे सर्वांत सुटसुटीत उदाहरण होय. शुल्क 2 पौंड. महिन्याला किमान 1,250 पौंड खात्यात जमा व्हायला हवेत. प्रत्येकी किमान 2 पौंडांचे दोन किंवा अधिक डायरेक्ट डेबिट त्या महिन्यात खात्यातून गेले की 4 पौंडांचे बक्षीस आणि बँकेच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये महिन्यातून एकदा प्रवेश केला की आणखी 1 पौंड. म्हणजे शुल्क वजा जाता महिन्याला 3 पौंड, वर्षाला 36 पौंड. ही रक्कम फार मोठी नाही, पण ती मिळवण्यासाठी एकदाच मांडणी नीट करावी लागते आणि नंतर वर्षभर अ‍ॅप उघडण्यापलीकडे काही करावे लागत नाही, हे या खात्याचे खरे मोल आहे. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. डायरेक्ट डेबिटांची अट चुकली तर त्या महिन्यात 4 पौंड बुडतात, अ‍ॅपचा 1 पौंड मिळतो आणि शुल्क 2 पौंडच राहते, म्हणजे खातेदार पदरचा 1 पौंड घालतो.

बँका नेमके डायरेक्ट डेबिटच का मागतात, याचे उत्तर सरळ आहे. ज्या खात्यातून घराचा कर, वीज आणि फोनचे पैसे जातात तेच माणसाचे मुख्य खाते असते, आणि असे खाते तो सहसा सोडून जात नाही. नुसता पगार जमा करण्याची अट ठेवली, तर लोक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे फिरवून ती पुरी करतात. बिलांचे आदेश मात्र कोणी दर महिन्याला इकडून तिकडे हलवत नाही.

आता मूळ प्रश्न, डायरेक्ट डेबिट म्हणजे नेमके काय. भारतातून आलेल्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याकडे खात्यातून आपोआप पैसे जाण्याच्या प्रत्येक प्रकाराला आपण सरसकट ऑटो-पे म्हणतो, मग तो कर्जाच्या हप्त्याचा नॅच आदेश असो, कार्डावरची मासिक वर्गणी असो किंवा यूपीआयवरची मंजुरी असो. ब्रिटनमध्ये हे प्रकार काटेकोरपणे वेगळे आहेत आणि बक्षिसासाठी त्यांतला एकच मोजला जातो. डायरेक्ट डेबिटमध्ये आपण कंपनीला आपला सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खाते क्रमांक देतो, आणि त्यानंतर रक्कम किती व कोणत्या दिवशी घ्यायची हे कंपनी ठरवते व आपल्याला आगाऊ कळवते. ही मागणी बॅक्स नावाच्या यंत्रणेतून बँकेकडे येते. 1964 मध्ये युनिलिव्हरमध्ये काम करणाऱ्या अ‍ॅलिस्टेअर हॅन्टन यांनी आइस्क्रीम विकणाऱ्या छोट्या दुकानदारांकडून येणे वसूल करण्यासाठी ही पद्धत काढली, आणि आज या मार्गाने वर्षाला चार अब्जांहून अधिक व्यवहार होतात. चुकीची रक्कम घेतली गेली तर बँकेने ती ग्राहकाला तत्काळ परत करायची, अशी हमी या पद्धतीला जोडलेली आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2021 पासून आवर्ती देयकांसाठी 24 तास आधी सूचना देणे आणि ठरावीक रकमेच्या वर ओटीपी घेणे बंधनकारक केले, ते संरक्षण वजावट होण्याच्या आधीचे आहे. येथे ओटीपी नाही. साधारणपणे दहा कामकाजाचे दिवस आधी सूचना मिळते आणि खरे संरक्षण पैसे गेल्यानंतरच्या परताव्याचे असते.

याउलट घरमालकाला दर महिन्याला ठरलेले भाडे पाठवण्यासाठी आपण स्वतः बँकेला जो कायमचा आदेश देतो, ती स्टँडिंग ऑर्डर. रक्कम आपण ठरवतो, तारीख आपण ठरवतो, कंपनीचा त्यात हात नसतो. घरातला सर्वांत मोठा खर्च भाड्याचा असूनही तो बक्षिसाच्या मोजणीत येत नाही तो यामुळे. तसेच नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन प्राइम यांसारख्या वर्गण्या आपण सहसा डेबिट कार्डाचा क्रमांक देऊन सुरू करतो. पैसे दरमहा आपोआप जातात, खात्याच्या उताऱ्यावर त्या कंपनीचे नाव येते, पण तो कार्डावरचा व्यवहार असतो, डायरेक्ट डेबिट नव्हे. आमच्या ओळखीच्या एका तरुण जोडप्याने अशा चार वर्गण्यांच्या भरवशावर खाते उघडले होते आणि सहा महिने एकही बक्षीस मिळाले नाही. खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे: बँकेच्या अ‍ॅपमध्ये डायरेक्ट डेबिटांची वेगळी यादी असते, कंपनीचे नाव त्या यादीत असेल तरच ते डायरेक्ट डेबिट समजावे. मात्र यादीत नाव असणे एवढ्यानेही भागत नाही, आणि माझी चूक नेमकी तेथेच झाली होती.

माझ्या खात्यावर दोन डायरेक्ट डेबिट होते, एक काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाला द्यायच्या घराच्या कराचा, आणि दुसरा ब्रॉडबँडचा. काउन्सिल टॅक्स हा वार्षिक कर असला तरी बहुतेक ठिकाणी तो एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत वसूल केला जातो आणि फेब्रुवारी व मार्च हे दोन महिने मोकळे जातात. येथे अनेक वर्षे राहणारी माणसे त्या दोन महिन्यांकडे थोडा हात मोकळा होण्याचा काळ म्हणून पाहतात. बक्षिसाच्या हिशेबातून मात्र त्या महिन्यांत अट पुरी करणारा एक डेबिट नाहीसा होतो. हे मला आधी कळायला हवे होते. दुसरी गोष्ट त्याहून बारीक होती. ब्रॉडबँडची तारीख दर महिन्याची 28 होती. 28 फेब्रुवारी 2021 हा रविवार होता, आणि डायरेक्ट डेबिटची तारीख सुटीच्या दिवशी आली तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी घेतले जातात. ते 1 मार्चला गेले. परिणामी फेब्रुवारीत माझ्या खात्यातून एकही डायरेक्ट डेबिट गेला नाही. मार्चमध्ये ब्रॉडबँडचे पैसे दोनदा गेले, 1 तारखेला आणि पुन्हा 29 तारखेला, कारण 28 मार्चही रविवारच होता. मला वाटले, निदान मार्चची तरी संख्या भरली. पण अटीत दोन 'वेगवेगळे' डायरेक्ट डेबिट असा शब्द होता, आणि एकाच कंपनीने दोनदा घेतलेले पैसे एकच धरले गेले.

या एका प्रसंगातून अटीचा खरा अर्थ उलगडतो. माझी बँक आदेश मोजत नाही, बिल कोणाच्या नावावर आहे हे पाहत नाही. ती फक्त एवढेच पाहते, की तिने आखलेल्या महिन्याच्या चौकटीत दोन निरनिराळ्या संस्थांनी त्या खात्यातून प्रत्यक्ष पैसे नेले की नाही. म्हणून महिना म्हणजे पहिल्या तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंतचा कॅलेंडर महिना, की खाते उघडल्याच्या किंवा शुल्क आकारल्याच्या दिवसापासून मोजलेला महिना, हे पत्रकात शोधून वाचावे. आणि 'सक्रिय' डायरेक्ट डेबिट असा शब्द आला, तर त्या बँकेने त्याची व्याख्या काय केली आहे तेही वाचावे, कारण काही ठिकाणी तो दर महिन्याला वसूल व्हावा लागतो, तर काही ठिकाणी आदेश चालू असणे पुरेसे असते.

हे एकदा ध्यानात आले, की कोणते डेबिट भरवशाचे आणि कोणते नाहीत हे ओळखता येते. क्रेडिट कार्डाचे बिल डायरेक्ट डेबिटने भरणे ही चांगली सवय आहे, पण ज्या महिन्यात कार्ड वापरलेच नाही आणि देणे शून्य आहे, त्या महिन्यात वसुली होत नाही. पाण्याचे बिल काही कंपन्या वर्षाच्या बारा महिन्यांत समान वाटत नाहीत. गाडीचा विमा हप्त्यांनी भरला तर विमा कंपन्या सहसा त्यावर व्याज लावतात. चार पौंडांच्या बक्षिसासाठी असे व्याज भरणे मला मुळीच पटत नाही. गाडीच्या कराचे मात्र गणित करून पाहावे. हा कर वसूल करणारी सरकारी संस्था डीव्हीएलए वार्षिक कर एकरकमी घेताना अधिभार लावत नाही, मासिक डायरेक्ट डेबिटवर 5 टक्के लावते. एप्रिल 2025 मध्ये लागू झालेल्या 195 पौंडांच्या सर्वसाधारण दरावर तो अधिभार 9 पौंड 75 पेन्स होतो. ज्यांच्याकडे एकच नियमित डेबिट आहे आणि दुसरा कोणताच नाही त्यांना वर्षाच्या 48 पौंडांच्या बक्षिसासाठी तो परवडेल, इतरांनी त्या वाटेला जाऊ नये.

माझ्या मते सर्वांत भरवशाचे डेबिट म्हणजे मोबाइलचा मासिक करार, वीज आणि गॅसचे मासिक हप्ते आणि सामाजिक संस्थेला दिलेली लहानशी मासिक देणगी. यांतल्या देणगीबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. समुद्रात बचावकार्य करणाऱ्या एका संस्थेला माझे पती अनेक वर्षे महिन्याला थोडी रक्कम देत आले आहेत. ती रक्कम बाराही महिने ठरलेल्या दिवशी जाते, कधी वाढत नाही, कधी चुकत नाही, आणि आपण येथे आयकर भरत असू तर गिफ्ट एडच्या योजनेखाली प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स संस्थेला अधिक मिळतात. केवळ अट पुरी करण्यासाठी देणगी द्यावी असे मी म्हणणार नाही, पण जी देणगी आपण देतच आहोत ती योग्य खात्यावर आणि महिन्याच्या मध्यावरच्या तारखेला आणली, तर दोन्ही कामे होतात. बहुतेक कंपन्या फोनवर किंवा संकेतस्थळावर तारीख बदलून देतात. 5 ते 20 या दरम्यानची तारीख घेतली, की सुट्यांमुळे डेबिट पुढच्या महिन्यात ढकलला जाण्याची भीती उरत नाही. काउन्सिलला विनंती केली तर कराचे दहाऐवजी बारा हप्तेही करून मिळतात. मी ते 2021 च्या एप्रिलपासून करून घेतले.

जमेच्या अटीतही सुट्यांचा असाच पेच आहे, फक्त उलट दिशेने. डायरेक्ट डेबिट सुटीमुळे पुढे जातो, तर पगार सुटीमुळे अलीकडे येतो. ज्यांचा पगार पहिल्या तारखेला होतो त्यांना तो शनिवार-रविवारी आला तर आधीच्या शुक्रवारी, म्हणजे आधीच्या महिन्यातच मिळतो, आणि एका महिन्यात दोन पगार व दुसऱ्यात एकही नाही अशी स्थिती येऊ शकते.  त्याच बँकेतल्या आपल्याच दुसऱ्या खात्यातून आणलेली रक्कम अनेक ठिकाणी जमेच्या अटीत धरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

निरनिराळ्या बँकांची तुलना करताना टक्केवारीने मिळणारा परतावा आणि ठरावीक रकमेचे बक्षीस यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. सँटँडरने 2012 मध्ये आणलेल्या वन-टू-थ्री खात्यात पाणी आणि काउन्सिल टॅक्सवर 1 टक्का, वीज-गॅसवर 2 टक्के आणि फोन, ब्रॉडबँडवर 3 टक्के परत मिळत. एखाद्या कुटुंबाच्या मासिक बिलांचा हिशेब धरला, म्हणजे कर 180 पौंड, पाणी 35, वीज-गॅस 150 आणि फोन-ब्रॉडबँड मिळून 60, तर परतावा 6 पौंड 95 पेन्स होई. आरंभीच्या 2 पौंड शुल्कात हे खाते उत्तम होते; जानेवारी 2016 पासून शुल्क 5 पौंड झाल्यावर हातात 1 पौंड 95 पेन्स राहू लागले. 2022 मध्ये आलेल्या त्याच बँकेच्या एज खात्याच्या आरंभीच्या अटी 3 पौंड शुल्क, 500 पौंड जमा आणि दोन सक्रिय डायरेक्ट डेबिट अशा होत्या, आणि बिलांवर 1 टक्का परतावा होता. वरच्याच बिलांवर तो 4 पौंड 25 पेन्स होतो. म्हणजे शुल्क गेल्यावर सव्वा पौंड. किराणा आणि प्रवासावरचा 1 टक्का धरला तरच ते खाते परवडते. या प्रकारच्या खात्यांत एक भेद नेहमी पाहावा: अट पुरी करणारे डेबिट आणि परतावा मिळवून देणारे डेबिट एकच असतील असे नाही. देणगीचा डेबिट संख्या भरून काढील, पण तिच्यावर टक्केवारी मिळणार नाही.

नॅटवेस्टनेही आरंभी बिलांवर 3 टक्के दिले, पुढे ते 2 टक्के झाले आणि 2020 मध्ये ठरावीक रक्कम आली. मोठ्या घरांचे त्यात नुकसान झाले, हे खरे. पण दोन लहान बिले असलेल्या माणसाला 4 पौंड हे कोणत्याही टक्केवारीहून अधिकच आहेत. को-ऑपरेटिव्ह बँकेच्या एव्हरीडे रिवॉर्ड्समध्ये दोन नव्हे तर चार डायरेक्ट डेबिट मागितले जात. एकट्या माणसाला ते भरणे जड जाई. लॉइड्स बँकेच्या क्लब लॉइड्स खात्यात दोन वेगवेगळ्या डायरेक्ट डेबिटांची अट शिलकीवरच्या व्याजासाठी होती, शुल्कमाफीची अट निराळी. आणि हॅलिफॅक्स बँकेने डायरेक्ट डेबिटची अट काढून टाकून तिच्याऐवजी डेबिट कार्डाने 500 पौंडांचा खर्च किंवा 5,000 पौंडांची शिल्लक मागितली, तेव्हा अनेक जुन्या खातेदारांना आपली बिलांची मांडणी निरुपयोगी झाल्याचे उशिरा कळले. अटी बदलल्याचे पत्र किंवा ईमेल बँक पाठवते. ते उघडून वाचावे, इतकेच सांगते.

नुकतेच ब्रिटनमध्ये आलेल्यांना मी हे खाते लगेच उघडण्याचा सल्ला देणार नाही. 2017 मध्ये मी आले तेव्हा एका घरातली एक खोली भाड्याने घेतली होती. भाड्यात सर्व बिले अंतर्भूत होती, भाडे स्टँडिंग ऑर्डरने जाई आणि फोनमध्ये मी लागेल तसे पैसे भरत असे. माझ्या नावावर एकही डायरेक्ट डेबिट नव्हता आणि तो निर्माण करण्याची घाई करण्यातही अर्थ नव्हता. स्वतःच्या नावाचे घर आणि नियमित पगार झाला, की मग हे खाते घ्यावे. पती-पत्नींनी हेही ध्यानात घ्यावे, की बिलावर एकाचे नाव आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून, अशी व्यवस्था डायरेक्ट डेबिटमध्ये चालते. खाते वापरण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याकडे असला म्हणजे झाले. त्यामुळे घरातली सर्व बिले एकाच खात्यावर न ठेवता दोघांच्या खात्यांवर वाटता येतात.

खाते बदलण्याच्या बक्षिसांविषयी एक इशारा. सप्टेंबर 2013 पासून करंट अकाउंट स्विच सर्व्हिस सुरू आहे आणि तिच्यामार्फत सात कामकाजाच्या दिवसांत सर्व डायरेक्ट डेबिट नव्या बँकेत आपोआप जातात. नव्या खातेदाराला मोठी रक्कम देणाऱ्या बँका बहुधा त्यासोबत दोन चालू डायरेक्ट डेबिट यावेत अशी अट घालतात. त्या रकमेसाठी रिवॉर्ड खातेच हलवले तर दरमहाचे बक्षीस थांबते. म्हणून ज्यांना असे करायचे असेल त्यांनी एक वेगळे, साधे खाते ठेवून त्यावर दोन लहान डेबिट आणावेत आणि तेच हलवावे.

सेवेबद्दल सांगायचे, तर माझ्या बँकेतील फोनवरच्या कर्मचारी बाईंनी पाऊण तास देऊन दोन्ही महिन्यांचा हिशेब तारखांसह समजावला आणि कोठेही उर्मटपणा केला नाही, याची मला कृतज्ञता आहे. अटींच्या लेखनाविषयी मात्र माझे समाधान नाही. 'दोन डायरेक्ट डेबिट' हे शब्द जाहिरातीत ठळक असतात आणि 'वेगवेगळे', 'त्या महिन्यात वसूल झालेले', 'किमान रकमेचे' हे शब्द पत्रकाच्या आतल्या पानावर असतात. महिन्याच्या विसाव्या तारखेला अ‍ॅपने एवढेच दाखवावे, की आतापर्यंत दोनपैकी एकच डेबिट मोजला गेला आहे. ज्या बँकेकडे प्रत्येक व्यवहाराची क्षणाक्षणाची नोंद असते तिला हे अवघड नाही, आणि ही मागणी मी त्या वेळी लेखी केली होती.

सध्या आमच्या खात्यावर मोबाइल 8 तारखेला, देणगी 12 तारखेला, वीज-गॅस 15 तारखेला आणि बारा हप्त्यांचा काउन्सिल टॅक्स 18 तारखेला जातो. अट दोनाची, डेबिट चार. एप्रिल 2021 पासून एकही महिना चुकलेला नाही.